सरकारी कंपनीच्या ओएफएसमध्ये अर्ज करताना: घोषणेच्या संध्याकाळपासून शेअर खात्यात येईपर्यंत

केंद्र सरकार आपल्या कंपन्यांमधला हिस्सा विकतं ते अर्थ मंत्रालयाच्या गुंतवणूक आणि सार्वजनिक मालमत्ता व्यवस्थापन विभागामार्फत. बाजारात सगळे त्याला ‘दीपम’ म्हणतात. कंपनी शेअर बाजारात आधीच नोंदलेली असली, की दीपम बहुतेक वेळा ‘ऑफर फॉर सेल’चा, म्हणजे ओएफएसचा रस्ता धरतो. आज संध्याकाळी घोषणा, उद्या मोठ्या गुंतवणूकदारांचा दिवस, परवा तुमचा-आमचा दिवस. परवा दुपारी साडेतीनला दार बंद.

मी नाशिकला शरणपूर रोडवर एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात बसतो. ओझर, सिडको, नाशिकरोड, निफाड, पिंपळगाव अशा सगळीकडून लोक येतात आणि दर ओएफएसला त्याच चार-पाच चुका करतात. आयपीओची सवय असते, तेच नियम इथे लागू होतील असं वाटतं. पैसे बँकेत पडून असतात पण ब्रोकरकडे पोचलेले नसतात. सगळ्यात महागडी चूक म्हणजे अर्ज बिनचूक भरला जातो, पण तो भरायलाच नको होता हे कोणी तपासलेलं नसतं. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. कोणता शेअर घ्यावा हे या लेखात नाही. घ्यायचं ठरलं असेल तर कसा घ्यावा, एवढंच आहे.

टप्पा १: नेमकं काय विकलं जातंय ते ओळखा

‘सरकार कंपनी विकतंय’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली म्हणजे आयपीओ. कंपनी पहिल्यांदाच बाजारात येते. एलआयसी मे २०२२ मध्ये अशीच आली. अर्ज तीन-चार दिवस चालू राहतो, पैसे तुमच्या बँक खात्यातच अडवून ठेवले जातात, आणि ठरावीक शेअरचा लॉट घ्यावा लागतो.

दुसरी म्हणजे धोरणात्मक विक्री. मालकी आणि कारभार दोन्ही दुसऱ्याच्या हाती जातात. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडे गेली ती अशी. यात सामान्य माणसाने अर्ज करण्यासारखं काहीच नसतं. कोणी ‘यात तुमचा हिस्सा राखून ठेवतो’ म्हणालं, तर ते खोटं आहे.

तिसरी म्हणजे ओएफएस. कंपनी आधीच बाजारात असते, सरकार आपल्या हिश्श्यातला थोडा भाग शेअर बाजाराच्या वेगळ्या खिडकीतून विकतं, आणि मालकी सरकारकडेच राहते. ओझरला जिचा कारखाना आहे त्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, म्हणजे एचएएलचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२० आणि मार्च २०२३ अशा दोन ओएफएसनंतरही सरकारचा हिस्सा ७१.६४ टक्के राहिला.

आपल्याकडे एक गैरसमज हमखास आढळतो. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेस आणि इंडिया सिक्युरिटी प्रेसचे शेअर कधी येणार, असं लोक विचारतात. दोन्ही छापखाने सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशनचे भाग आहेत. ही कंपनी पूर्णपणे केंद्र सरकारची आहे आणि बाजारात नोंदलेलीच नाही, त्यामुळे तिचा ओएफएस निघू शकत नाही. एकलहऱ्याचं वीज केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्य सरकारचं. दीपमचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तपासा: ज्या कंपनीचं नाव ऐकलंत, तिचा भाव आज एनएसई किंवा बीएसईवर दिसतो का? दिसत नसेल तर तो ओएफएस नाही.

टप्पा २: खातं आधी जिवंत करा

हे काम घोषणेनंतर करायचं नाही. तेव्हा तेवढा वेळच नसतो.

एलआयसीच्या आयपीओसाठी नाशिकमध्ये कितीतरी लोकांनी पहिल्यांदा डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडलं आणि नंतर त्याकडे वळूनही पाहिलं नाही. आयपीओला डीमॅट खातं आणि बँक एवढं पुरतं. ओएफएसचा अर्ज मात्र ब्रोकरच्या ट्रेडिंग खात्यातून, म्हणजे खरेदी-विक्रीच्या खात्यातून जातो, आणि बराच काळ व्यवहार नसला की ब्रोकर ते खातं निष्क्रिय करून ठेवतो. डीमॅटमध्ये एलआयसीचे शेअर दिसतात, म्हणून माणूस समजतो की सगळं ठीक आहे. अर्जाच्या दिवशी स्क्रीनवर ‘खातं निष्क्रिय’ असं येतं, आणि ते पुन्हा चालू व्हायला केवायसीची फेरतपासणी लागते.

आजच लॉगिन करा आणि एवढं बघा. ट्रेडिंग खातं सक्रिय आहे का. पॅन आधारला जोडलेला आहे का. मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का, की खातं उघडून देणाऱ्याचा घातलाय. बँक खातं तेच आहे का, की निवृत्तीनंतर बदललेलं अजून नोंदवलेलंच नाही. नॉमिनी लावलाय का. शेवटचं म्हणजे तुमच्या ब्रोकरच्या ॲपमध्ये ओएफएसची खिडकी आहे का. काही ठिकाणी ती आयपीओच्या शेजारी असते, काही ठिकाणी ‘कॉर्पोरेट ॲक्शन’मध्ये दडलेली असते, आणि काही छोट्या ब्रोकरांकडे फोन करूनच अर्ज द्यावा लागतो. फोनवरून द्यायचा असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरूनच करावा लागतो.

थांबा: घरातल्या वडीलधाऱ्यांचं खातं मुलगा चालवत असेल, तर ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते आधी बघून ठेवा. अर्जाच्या दुपारी बाबा पंचवटीत आणि फोन घरी चार्जिंगला, असं झालं की अर्ज राहतो.

टप्पा ३: पैसे ब्रोकरच्या खात्यात, तेही स्वतःच्याच बँकेतून

आयपीओसारखे पैसे बँकेत अडवून ठेवण्याची सोय इथे गृहीत धरू नका. किरकोळ गुंतवणूकदाराच्या अर्जाची शंभर टक्के रक्कम अर्ज देतानाच ब्रोकरकडच्या लेजरमध्ये, म्हणजे तुमच्या पैशांच्या खात्यात लागते.

एकदा ओझर टाउनशिपमधून निवृत्त झालेले एक काका दुपारी सव्वातीनला धापा टाकत ऑफिसात आले. हातात ॲपचा स्क्रीनशॉट, खाली लाल अक्षरात ‘अपुरी शिल्लक’.

“अरे, एक लाख ऐंशी हजार सकाळीच टाकलेत. हे बघ, कापले गेल्याचा मेसेज.”

“काका, कोणाच्या खात्यातून टाकलेत?”

“पोराच्या. तो पुण्याला असतो, त्याने पटकन केलं.”

तिथेच सगळं अडलं होतं. ब्रोकर तिसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसे स्वीकारत नाही. ते जसे आले तसे परत जातात, आणि परत जायलाही वेळ लागतो. मुलाने काकांच्या बँक खात्यात पैसे टाकायला हवे होते, आणि काकांनी तिथून ब्रोकरकडे. उरलेल्या दहा मिनिटांत ते होण्यासारखं नव्हतं. काका बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मी पाणी दिलं, आणखी काही करता आलं नाही.

पैसे पाठवताना या गोष्टी नडतात. आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, आणि किरकोळ अर्ज दोन लाखांच्या आत असतो. म्हणजे एनईएफटी, आयएमपीएस, यूपीआय किंवा ब्रोकरच्या ॲपमधलं नेट बँकिंग हेच मार्ग उरतात. एनईएफटी चोवीस तास चालतं, पण अर्ध्या तासाच्या फेऱ्यांनी. यूपीआयला बँकेने घातलेली रोजची मर्यादा असते, ती आधी माहीत करून घ्या. चेक विसरा.

आज शेअर विकून त्याच पैशातून आजच ओएफएसचा अर्ज करू, हा हिशेब बहुतेक ब्रोकरांकडे चालत नाही. गहाण ठेवलेल्या शेअरांवर ब्रोकरने दिलेली मार्जिन, म्हणजे व्यवहाराची मुभाही चालत नाही. रोख शिल्लक लागते.

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती वरवर दिसत नाही. ब्रोकरकडे पडून राहिलेले पैसे नियमाप्रमाणे दर महिन्याला किंवा तिमाहीला ग्राहकाच्या बँकेत परत करावे लागतात. हा परतावा त्या महिन्याच्या किंवा तिमाहीच्या पहिल्या शुक्रवारी-शनिवारी होतो. त्यामुळे ‘मागच्याच महिन्यात लाखभर टाकून ठेवलेत’ असं म्हणून निवांत बसू नका. घोषणा झाली की लेजर उघडून बघा.

टप्पा ४: घोषणेची संध्याकाळ

विकणाऱ्याने शेअर बाजारांना आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सूचना द्यावी लागते. दीपमच्या सचिवांच्या अधिकृत एक्स खात्यावरही बहुधा त्याच संध्याकाळी दोन ओळी येतात. मार्च २०२३ चा एचएएलचा ओएफएस जाहीर झाला तो २२ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी. घरोघरी श्रीखंडाची जेवणं होऊन लोक सुस्तावलेले होते. २३ ला मोठ्यांचा दिवस, २४ ला, शुक्रवारी, किरकोळांचा. अनेकांना शनिवारी कळलं.

सूचना एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळावर मिळते. भाषा किचकट असते, पण वहीत एवढं उतरवून काढा:

१. किरकोळ गुंतवणूकदारांची तारीख.
२. फ्लोअर प्राइस, म्हणजे ज्याच्या खाली बोली लावता येत नाही तो भाव.
३. मूळ विक्री किती टक्के आणि ग्रीन शू किती. मागणी जास्त आली तर सरकार आणखी किती विकू शकतं, तो ग्रीन शू. एचएएलच्या वेळी १.७५ अधिक १.७५ टक्के होते.
४. किरकोळांसाठी राखीव भाग. किमान दहा टक्के असतोच.
५. किरकोळांना भावात सूट आहे का. सूट असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर नाही. एलआयसीच्या आयपीओत किरकोळांना ४५ रुपये सूट होती, म्हणून प्रत्येक सरकारी विक्रीत ती असते असं मुळीच नाही.
६. शेअर कोणत्या पद्धतीने वाटणार. ‘मल्टिपल क्लिअरिंग प्राइस’ असे शब्द दिसले तर त्यांच्याखाली रेघ मारा. का, ते सातव्या टप्प्यात येईल.

कंपनीचे कर्मचारी असाल तर त्यांच्यासाठी वेगळा हिस्सा ठेवलाय का, ते कंपनीच्या परिपत्रकात बघा. तो नेहमीच असतो असं नाही, आणि असला तर त्याचा अर्ज वेगळा असतो.

सावधान: याच संध्याकाळी व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर ‘दीपम कोटा’, ‘संस्थात्मक खात्यातून हमखास अलॉटमेंट’ असे मेसेज फिरायला लागतात. दीपम कोणाकडूनही थेट पैसे घेत नाही, कोणाला कोटा वाटत नाही, आणि त्याचं कुठलंही ॲप तुमचा अर्ज घेत नाही. सामान्य माणसासाठी ‘संस्थात्मक खातं’ असा प्रकारच नसतो. पैसे फक्त तुमच्या नोंदणीकृत ब्रोकरच्या खात्यात जातात. फसलात तर लाज बाळगू नका, पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पैसे अडवले जाण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

टप्पा ५: पहिला दिवस हात बांधून

हा दिवस म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी संस्था आणि दोन लाखांच्या वर बोली लावणाऱ्यांचा. तुम्हाला दोन लाखांपेक्षा जास्तीचे घ्यायचे असतील तर हाच दिवस तुमचा, आणि मग किरकोळांचा राखीव भाग तुम्हाला मिळत नाही.

बाकीच्यांनी या दिवशी अर्ज द्यायचा नाही. दिला तर एक तर नाकारला जातो, नाही तर चुकीच्या गटात जातो. सकाळी सव्वानऊला ‘लवकर नंबर लागावा’ म्हणून येणारे लोक असतात. इथे रांग नाही. वेळेच्या प्राधान्याने किरकोळांना काही फायदा होत नाही.

संध्याकाळी एकच आकडा मिळवायचा. पहिल्या दिवशीच्या बोलींवरून ठरलेला कट-ऑफ भाव. किरकोळांची बोली या भावाच्या खाली असेल तर ती बाद. म्हणजे आदल्या दिवशीची फ्लोअर प्राइस आता तुमच्या कामाची राहिली नाही. पुष्कळ लोक दुसऱ्या दिवशीही फ्लोअर प्राइस टाकून मोकळे होतात आणि संध्याकाळी शून्य शेअर बघून ब्रोकरला दोष देतात.

टप्पा ६: दुसऱ्या दिवशीची सकाळ, अर्जाच्या आधीचा अर्धा तास

लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे. घाई असेल तर बाकीचं चाळा, पण हे नीट वाचा.

वर्तमानपत्रात येतं, ‘आठ टक्के सवलतीत शेअर’. ही सवलत घोषणेच्या आधीच्या बंद भावाशी तुलना करून काढलेली असते. पण घोषणा झाल्याबरोबर पहिल्या दिवशी बाजारातला भावही खाली यायला लागतो. साहजिकच आहे. शेजारच्या खिडकीत तोच माल स्वस्त मिळत असताना इकडे जास्त कोण देईल? तुमचा दिवस उजाडेपर्यंत ती सवलत बऱ्याचदा वितळून गेलेली असते.

ऑगस्ट २०२० मध्ये एचएएलचा ओएफएस आला. फ्लोअर प्राइस १,००१ रुपये. आदल्या दिवशी बंद भाव १,१७० च्या वर होता, म्हणजे जवळपास पंधरा टक्के सवलत. ऐन गणपतीत ओझरपासून सातपूरपर्यंत सगळीकडे तीच चर्चा. पहिल्याच दिवशी बाजारभाव कोसळून जवळजवळ फ्लोअरला टेकला. मी स्वतः दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, आणि बाकीच्यांनाही द्यायला लावला, कारण डोक्यात तो आदल्या आठवड्याचा भाव बसला होता. ‘पंधरा टक्के’ हाच शब्द मी दिवसभर फोनवर बोलत होतो. समोरच्या स्क्रीनवर बाजारात तोच शेअर त्याच्या आसपास मिळत होता, ते मी दिसत असून पाहिलं नाही. पुढच्या महिन्यांत भाव हजाराच्या बराच खाली गेला, तेव्हा माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांना तोंड देताना फार जड गेलं. नंतरच्या वर्षांत तो शेअर कितीतरी पट वर गेला हे खरं. पण त्यासाठी ओएफएसमधूनच घ्यायला हवा होता असं काही नव्हतं. बाजारातून घेतला असता, थोडं थांबून घेतला असता, तरी चाललं असतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाच्या सुमारास, पहिल्या अर्ध्या तासाचा गोंधळ बसल्यावर, हे करा. डावीकडे कट-ऑफ भाव लिहा, सूट असेल तर ती वजा करून. उजवीकडे त्या क्षणीचा बाजारभाव. घोषणेच्या आधीचा भाव लिहायचाच नाही.

समजा घोषणेच्या आधी शेअर ३०० ला होता. फ्लोअर २७६. पहिल्या दिवशीचा कट-ऑफ २७७.

बाजारभाव २८८ असेल तर फरक अकरा रुपयांचा, साधारण चार टक्के. अर्जात अर्थ आहे.

बाजारभाव २७९ असेल तर फरक दोन रुपयांचा. शेअर तुमच्या हातात पुढच्या कामकाजाच्या दिवशी किंवा त्यानंतर येणार, तोपर्यंत दोन रुपये इकडचे तिकडे व्हायला पाच मिनिटं पुरतात. शिवाय किती शेअर मिळतील याची खात्री नाही. हवाच असेल तर बाजारातून घ्या.

बाजारभाव २७५ असेल तर अर्जाचा प्रश्नच मिटला. बाजारात स्वस्त मिळतोय.

मी अलीकडे तीन टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर अर्ज देत नाही, कोणाला सुचवतही नाही. हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही. तुमचा आकडा वेगळा असू शकतो, पण तो आधी ठरवून वहीत लिहून ठेवा. स्क्रीनसमोर बसून ठरवायला गेलात की मोह होतो.

दुपारी दोनच्या सुमारास हीच तुलना पुन्हा करा. पूर्ण पैसे भरलेली बोली वेळेत रद्द करता येते किंवा बदलता येते. सकाळी अर्ज दिला म्हणजे बांधले गेलात असं नाही.

टप्पा ७: अर्ज भरणं

खरं तर हा सगळ्यात सोपा भाग. चार मिनिटांचं काम.

*किती शेअर.* लॉट नसतो, एक शेअरसुद्धा मागता येतो. वरची मर्यादा दोन लाख. कट-ऑफ २७७ असेल तर २,००,००० ÷ २७७ = ७२२.०२, म्हणजे जास्तीत जास्त ७२२. काठावर जाऊ नका, सातशे मागा. ब्रोकरेज, कर आणि मुद्रांक शुल्क यासाठी लेजरमध्ये थोडे पैसे वेगळे राहू द्या.

ही मर्यादा एका पॅनसाठी आहे, एका अर्जासाठी नव्हे. एक अर्ज एनएसईवर आणि एक बीएसईवर, किंवा दोन ब्रोकरांकडून एकेक, असं करून बेरीज दोन लाखांच्या वर गेली तर किरकोळ गटातली पात्रताच जाते. पती-पत्नीचे पॅन वेगळे, खाती वेगळी आणि पैसेही आपापल्या बँकेतून, तर दोघांचे दोन अर्ज चालतात.

*कोणता भाव.* दोन पर्याय दिसतील, ‘कट-ऑफ’ किंवा स्वतःचा आकडा. बहुतेकांनी कट-ऑफवर खूण करावी. आता ते मल्टिपल क्लिअरिंग प्राइस. निफाडच्या एका बागायतदार दादांनी द्राक्षाचे पैसे आले होते म्हणून अर्ज केला, आणि ‘जास्त भाव टाकला की नक्की मिळतील, पैसे तर कट-ऑफनेच कापतील’ अशा समजुतीने चढा आकडा टाकला. आयपीओत तसं होतं खरं. पण या पद्धतीत ज्याने जो भाव लावला त्याला तोच भाव पडतो. त्यांना शेअर मिळाले, आणि त्या दिवशी बाजारात होते त्यापेक्षा महाग मिळाले. अर्जातली सवलत त्यांनीच स्वतःच्या हाताने भरून टाकली होती.

मागणी फार असेल तर वरच्या भावाला आधी शेअर जातात, हेही खरं. तरी जास्तीचा आकडा लावायचाच असेल तर तो बाजारभावाच्या चांगला खाली असला पाहिजे. नाही तर बाजारातून घेतलेले काय वाईट?

*कधी.* शेअर बाजाराची वेळ साडेतीनपर्यंत असली तरी ब्रोकरची स्वतःची वेळ त्याआधी संपते, काहींची बरीच आधी. ती सकाळीच विचारा. दुपारी अडीचनंतरचा अर्ज मी राहिल्यातच धरतो.

तपासा: अर्ज दिल्यावर ऑर्डर बुकमध्ये नोंद दिसते का, गट ‘रिटेल’ आहे का, आणि ॲपच्या खुणेखेरीज शेअर बाजाराकडून आलेला ऑर्डर क्रमांक आहे का. फक्त ‘अर्ज स्वीकारला’ असा संदेश पुरेसा नाही. तो ब्रोकरकडे पोचल्याचा असतो, बाजाराकडे गेल्याचा नव्हे.

टप्पा ८: संध्याकाळ आणि दुसरी सकाळ

मागणी राखीव भागापेक्षा जास्त असेल तर कट-ऑफवाल्यांना प्रमाणात शेअर मिळतात. तिप्पट मागणी म्हणजे सातशेतले सव्वादोनशे-अडीचशे, असा अंदाज. मागणी कमी असेल तर मागितलेले सगळे मिळतात. पूर्ण शेअर मिळाले म्हणून लोक पेढे आणतात. मला तेव्हा उलट शंका येते. बाकीच्यांनी अर्ज का केला नाही, ते सहाव्या टप्प्यातली तुलना पुन्हा मांडली की कळतं.

संध्याकाळी ईमेलवर काँट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराची अधिकृत पावती येते. तिच्यात शेअरची संख्या, भाव आणि खर्च ताडून बघा. न मिळालेल्या शेअरांचे पैसे लेजरमध्ये मोकळे दिसले पाहिजेत. पुढच्या एक-दोन कामकाजाच्या दिवसांत शेअर डीमॅटमध्ये दिसतील. ब्रोकरच्या ॲपवर विसंबू नका, शेअर प्रत्यक्ष जिथे ठेवले जातात त्या सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये बघा.

थांबा: शेअर डीमॅटमध्ये दिसल्याशिवाय विकू नका. ‘मिळणारच आहेत’ म्हणून आधी विकले आणि द्यायच्या वेळी खात्यात कमी पडले, तर ते लिलावात विकत घेतले जातात आणि फरक तुमच्या खिशातून जातो.

घोळ झालाच, पैसे परत आले नाहीत किंवा नोट चुकीची आली, तर आधी ब्रोकरला लेखी ईमेल करा. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून उभं राहत नाही. उत्तर आलं नाही तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोर्स संकेतस्थळावर तक्रार टाका. तिथे ब्रोकरला एकवीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

टप्पा ९: वहीत नोंद

शेअर विकाल तेव्हा कर लागेल. २३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही आणि त्याच्या वरच्या भागावर १२.५ टक्के.

इथे जुन्या भागधारकांची एक चूक होते. तोच शेअर आधीपासून खात्यात असेल आणि ओएफएसमध्ये आणखी घेतले, तर विकताना ‘कालचेच विकले’ असं तुम्ही म्हणून चालत नाही. एका डीमॅट खात्यातून जे आधी आले ते आधी गेले, असंच धरतात. कालच्या शंभर शेअरांवर थोडा नफा म्हणून विकले आणि हिशेबात पाच वर्षांपूर्वीचे स्वस्तातले शंभर गेले, की कर भलताच निघतो. वेगळे ठेवायचे असतील तर दुसऱ्या डीमॅट खात्यात घ्या, पण ते खरेदीच्या आधी ठरवा.

नोंदीत तारीख, संख्या, पडलेला भाव, सगळा खर्च आणि काँट्रॅक्ट नोटचा क्रमांक लिहा. नोट छापून फाइलला लावा. पुढे शेअरचं विभाजन झालं तर त्याच पानावर ओळ वाढवा. एचएएलचा दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर सप्टेंबर २०२३ मध्ये पाच-पाचच्या दोन शेअरांत विभागला गेला. मार्चमध्ये २,४५० च्या भावाने दहा घेतले असतील तर आता ते वीस आहेत, आणि खरेदीचा भाव प्रत्येकी १,२२५. ही ओळ लिहिलेली नसेल तर घरचे लोक उद्या विकायला बसल्यावर २,४५० हाच भाव धरतील, आणि नफ्याच्या जागी तोटा दाखवून विवरणपत्र भरतील.